बांबुळीच्या पंडितांची नात विम्बल्डनला

४-६, १०-८, ६-२. १९३४ च्या विम्बल्डनमधल्या महिला एकेरीच्या पहिल्या फेरीतल्या एका सामन्याचा हा निकाल. हरली ग्लॅडिस साउथवेल, जिंकली मुंबईची बावीस वर्षांची लीला राव. विम्बल्डनच्या एकेरीत भारतीय स्त्रीनं जिंकलेला हा पहिला सामना. पुढच्याच फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफनं तिला हरवलं. त्या वर्षी विजेतेपद डोरोथी राउंडला मिळालं, पुरुषांचं फ्रेड पेरीला. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांना या दोघांशिवाय तिसरं कुणी दिसण्याचं कारण नव्हतं.

त्यानंतर ७१ वर्षं गेली. २००५ मध्ये सानिया मिर्झानं विम्बल्डनच्या एकेरीत पहिली फेरी पार केली, आणि ‘याआधी कोण?’ म्हणून जुनी दप्तरं उलगडली गेली, तेव्हा लीला राव हे नाव वर आलं. तेव्हापासून ते तसंच आहे: सानियाच्या बातमीतलं एक पोटवाक्य. मला हे पटत नाही. विम्बल्डनचा एक सामना ही त्या बाईच्या कारकिर्दीतली तशी लहानशीच गोष्ट. तिचं खरं टेनिस इथल्या कोर्टांवर झालं आणि दहा-बारा वर्षं टिकलं. शिवाय ज्या घरात ते घडलं त्या घराची मुळं आमच्या कुडाळ तालुक्यातली.

ओरोस कुडाळ तालुक्यात, बांबुळीही कुडाळ तालुक्यातच. १९८१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले, सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि ओरोसला जिल्ह्याचं ठाणं म्हणून सिंधुदुर्गनगरी वसली. या गोष्टीची सुरुवात त्याच्या सुमारे एकशेचाळीस वर्षं आधीची. तेव्हा बांबुळी सावंतवाडी संस्थानात मोडत होती. तिथल्या सारस्वत पंडित घराण्यात १८४० च्या सुमारास शंकर पांडुरंग पंडित जन्मले. लीलाच्या आईचे हे वडील.

गाव सोडून गेलेला माणूस कोकणात पैशाला पासरी. गिरणीत गेले, बोटीवर गेले, पलटणीत गेले. शंकर पांडुरंग गेले ते पोथ्यांत. मुंबई सरकारचे प्राच्य भाषांतरकार झाले, पुढे पोरबंदर संस्थानाचे प्रशासक झाले. कालिदासाचा ‘रघुवंश’, ‘मालविकाग्निमित्र’, ‘विक्रमोर्वशीय’, प्राकृतातलं ‘गउडवहो’ अशी संपादनं त्यांच्या नावावर आहेत. १८७६ पासून ‘वेदार्थयत्न’ हे मासिक काढून ऋग्वेदाचा मराठी आणि इंग्रजी अर्थ त्यांनी लोकांपुढे ठेवला. वेदाचा अर्थ मराठीत सांगायचा हे त्या काळात सर्वांच्या पचनी पडणारं नव्हतं. परिव्राजक विवेकानंद काठेवाडात फिरत होते तेव्हा पोरबंदरला यांच्याच घरी राहिले. तुमचं इथं कुणी ऐकणार नाही, पश्चिमेकडे जा, फ्रेंच शिकून घ्या, अशा अर्थाचा सल्ला त्यांनी या तरुण संन्याशाला दिला होता.

त्यांचं सर्वांत मोठं काम सायणभाष्यासह अथर्ववेद. ते संपादन करताना त्यांनी हस्तलिखितं जमवली, पण तेवढ्यावर भागवलं नाही. ज्यांना अथर्ववेद मुखोद्गत होता अशा हयात वैदिकांना बसवून त्यांच्याकडून पाठ म्हणवून घेतले आणि कागदाइतकंच वजन त्या कंठाला दिलं. संपादनाच्या शास्त्रात ही गोष्ट आजही आदरानं सांगितली जाते. ग्रंथ छापून पुरा होण्याआधीच, १८ मार्च १८९४ रोजी ते गेले. त्यांची मुलगी क्षमा, म्हणजे लीलाची आई, तेव्हा जेमतेम चौथ्या वर्षात होती.

क्षमाचं बालपण मग नातेवाइकांच्या आधारानं, राजकोटकडे गेलं. तिथे बॅरिस्टर सीताराम पंडितांचं मोठं घर होतं. ‘राजतरंगिणी’चं इंग्रजी भाषांतर करणारे आणि विजयालक्ष्मी नेहरूंशी लग्न करणारे रणजित पंडित हे त्याच घरातले. म्हणजे देशाच्या पहिल्या स्त्री-राजदूताला ‘पंडित’ हे आडनाव मिळालं ते बांबुळीचं. बाप गेलेल्या मुलीला मोठ्या घरातही काय सोसावं लागतं ते क्षमाला चांगलं ठाऊक होतं. पुढे तिच्या कथांत विधवा, परित्यक्ता, दुसऱ्याच्या दारी वाढलेल्या पोरी इतक्या येतात, त्याचा उगम इथे असावा असं मला वाटतं.

१९१० मध्ये तिचं लग्न मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी झालं. हे गृहस्थ नुसते नाडी बघणारे डॉक्टर नव्हते. कातडीवर चिघळणारे फोड उठवणाऱ्या ‘ओरिएंटल सोअर’ या रोगाचा परजीवी प्रयोगशाळेत वाढवून त्याच्या अवस्थांचा अभ्यास त्यांनी केला होता. त्यावरचं त्यांचं लेखन विलायतेत छापून आलं होतं. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९११ रोजी, लीला जन्मली.

सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसणारा बाप आणि संस्कृतात श्लोक रचणारी आई, अशा घरात टेनिस कुठून आलं? आईकडून. क्षमाबाई स्वतः मुंबईच्या स्पर्धांत उतरत असत आणि विसाच्या दशकात त्यांनी विजेतेपदंही मिळवली होती. सासरी सुबत्ता होती, नवरा आधुनिक विचारांचा होता, त्यामुळे ते शक्य झालं, हे मोकळेपणानं सांगायला हवं. त्याच काळात मुंबईतल्या बहुसंख्य मराठी घरांत लग्न झालेल्या बाईनं चारचौघांत धावणं हाच बोभाट्याचा विषय होता. टेनिस हा पैशांचा खेळ होता, आजही आहे. रॅकेट, चेंडू, बूट, क्लबची वर्गणी, चेंडू उचलणाऱ्या पोऱ्याची बिदागी, यातलं काहीच गिरगावातल्या चाळीत परवडणारं नव्हतं.

पैसा असूनही सगळे दरवाजे उघडे नव्हते. बॉम्बे जिमखाना युरोपियनांपुरताच होता. हिंदी माणसानं कितीही चांगला फोरहँड मारला तरी त्याला तिथं सभासदत्व नव्हतं. त्यामुळे पारशी, हिंदू, मुसलमान असे आपापले जिमखाने निघाले. स्त्रियांमध्ये पहिल्यांदा मैदानात दिसल्या त्या पारशी बायका. लेडी मेहेरबाई टाटा साडी नेसून टेनिस खेळत आणि भरपूर बक्षिसं पटकावत. देशभरातल्या स्पर्धांत मात्र गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बायका-मुली आणि अँग्लो-इंडियन खेळाडू यांचंच वर्चस्व होतं. त्यांच्यातलीच कलकत्त्याची जेनी सँडिसन १९२९ मध्ये विम्बल्डनला खेळून आली होती.

लीला शाळेत फारशी गेलीच नाही. तिला घरी शिकवलं गेलं. इंग्रजी, फ्रेंच, संस्कृत, जोडीला व्हायोलिन आणि नृत्य. संध्याकाळी टेनिस. आजच्या पालकांना हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की या घरात यातलं काहीही ‘एक्स्ट्रा’ नव्हतं. पाठांतर, रियाज आणि सराव यांची जातकुळी एकच आहे हे वैदिकांच्या तोंडून पाठ घेणाऱ्याच्या मुलीला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या काळचं टेनिस कसं होतं हे नीट डोळ्यांपुढे आणल्याशिवाय १०-८ या आकड्याचा अर्थ कळत नाही. रॅकेट लाकडाची. खेळ संपला की ती लाकडी चौकटीच्या प्रेसमध्ये घालायची आणि चार कोपऱ्यांचे चाप आवळायचे, नाहीतर दमट हवेनं तिचं तोंड वाकडं व्हायचं. तारा जनावरांच्या आतड्याच्या. मुंबईच्या पावसाळ्यात त्या ढिल्या पडायच्या, तुटायच्या. ज्यांच्या घरात आषाढात कपाटातल्या चपलांना बुरशी येते त्या कोकणी वाचकाला हे सांगायला नको. चेंडू पांढरा, दोन-चार गेममध्ये मुरमावर मळून मातकट होणारा. बाजू बदलताना खुर्चीत टेकून पंख्याचा वारा घ्यायची सोय नव्हती. पाण्याचा घोट घ्यायचा आणि पलीकडे जायचं. टायब्रेक नावाची सुटका विम्बल्डनला आली १९७१ मध्ये. त्याआधी सहा-सहा अशी बरोबरी झाली की दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं.

१९३१ मध्ये लीलानं अखिल भारतीय स्पर्धेची एकेरी जिंकली. अंतिम सामन्यात समोर लीना मॅकेना होती, त्या काळातली नाणावलेली खेळाडू. लीलानं तिला सरळ सेट्समध्ये हरवलं. ही स्पर्धा १९१० पासून अलाहाबादला भरत आली होती. गंगेकाठच्या त्या शहरात नेहरूंचं आनंद भवन एका टोकाला आणि गोऱ्या साहेबांचा जिमखाना दुसऱ्या टोकाला, असं ते जग होतं.

ते वर्षच वेगळं होतं. आदल्या उन्हाळ्यात आमच्याकडे शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला होता, लोकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. इकडे लेक अजिंक्यपद मिळवत होती आणि तिकडे क्षमाबाई अनुष्टुभ छंदात गांधींच्या सत्याग्रहावर काव्य लिहीत होत्या. अठरा अध्याय, भगवद्गीतेच्या धर्तीवर. नाव ‘सत्याग्रहगीता’. हिंदुस्थानात ते छापणं म्हणजे संकट ओढवून घेणं, म्हणून १९३२ मध्ये ते पॅरिसला छापलं गेलं. विजयी आणि पराजित दोघांनी जाळ्यावरून हस्तांदोलन करायचं अशी रीत असलेल्या खेळात इंग्रजांच्या लेकींशी खेळणारी मुलगी आणि त्याच इंग्रजांच्या राज्याविरुद्ध संस्कृतात गीता लिहिणारी आई एकाच छपराखाली राहत होत्या. त्यांना यात विसंगती वाटली असेल असं मला वाटत नाही. क्षमाबाईंच्या काव्यात द्वेष फारसा नाहीच. नियम पाळून लढणं हा त्यांच्या काव्याचाही विषय आहे.

१९३४ मध्ये लीला विलायतेला गेली. मुंबईहून बोटीनं दोन-अडीच आठवड्यांचा प्रवास, बोटीवर सरावाला कोर्ट नाही, आणि उतरल्यावर पायाखाली गवत. आपल्याकडची कोर्टं कडक, चेंडू छातीपर्यंत उसळतो. विम्बल्डनच्या गवतावर तो घसरतो, गुडघ्याच्याही खाली राहतो. ज्या फटक्यांवर इथे सामने जिंकले ते सगळे तिथे वीतभर खाली वाकून मारायचे. शरीराला लागलेली सवय आठवड्याभरात मोडत नाही. पहिला सेट तिनं ६-४ असा गमावला याचं नवल नाही.

नवल दुसऱ्या सेटचं आहे. तो गेला असता तर सामनाच संपला होता. अठरा गेम चालला तो. आठ-आठ अशी बरोबरी झाल्यावर तिनं सलग दोन गेम घेतले. मग तिसरा ६-२. शेवटच्या आकड्यावरून एवढं निश्चित दिसतं की दमली ती साउथवेल. पाहुणी मात्र गवताला सरावत गेली होती. छत्तीस गेमचा सामना आणि त्यातले वीस तिचे. या सामन्याचं एखादं सविस्तर वर्णन मला वाचायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. पण आकडे नीट वाचले तर तेही बरंच बोलतात.

१९३५ मध्ये ती पुन्हा गेली आणि पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमनकडून हरली. इथे बहुतेक लेख तिला सोडून देतात. ‘विम्बल्डन संपलं’ म्हणजे खेळाडू संपला, अशी आपली समजूत. तिचा खरा बहर आला तो त्यानंतर. १९३६, ३७ आणि ३८, सलग तीन वर्षं अखिल भारतीय अजिंक्यपद. मग १९४० आणि ४१. मग १९४३. पहिलं १९३१ चं धरून एकूण सात. पहिल्या आणि शेवटच्या विजयात बारा वर्षांचं अंतर. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी जिंकणं हे देणगीचं काम, पण एकतिसाव्या वर्षी, मधल्या काळात पुढे आलेल्या नव्या मुलींना हरवून जिंकणं याला दुसरं काहीतरी लागतं. त्या बारा वर्षांत कुणी पगारी प्रशिक्षक नव्हता, बक्षिसाची रक्कम नव्हती, कप मिळायचा आणि वर्तमानपत्रात एक चौकट.

यातला शेवटचा टप्पा महायुद्धाचा. विम्बल्डन १९४० पासून बंद पडलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सेंटर कोर्टवर बॉम्ब पडला. एकोणतीस-तीस हे टेनिसपटूच्या पक्वतेचं वय लीलाच्या वाट्याला आलं तेव्हा बाहेर खेळायला जगात कोर्टच उरलं नव्हतं. पुन्हा गवतावर उतरली असती तर काय झालं असतं याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही, पण सलग तीन अजिंक्यपदं घेणारी ही खेळाडू १९३४ च्या मुलीपेक्षा नक्कीच वरचढ होती.

१९४३ मध्येच तिचं लग्न झालं, आयसीएस अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी. सातवं अजिंक्यपदही त्याच वर्षाचं. त्यानंतर लीला राव दयाळ हे नाव खेळाच्या पानावर दिसत नाही.

पुढचं आयुष्य हिमालयाच्या सावलीत गेलं. दयाळ १९४८ पासून गंगटोकला भारताचे पोलिटिकल ऑफिसर होते. सिक्कीमशी ५ डिसेंबर १९५० रोजी झालेल्या करारावर भारतातर्फे सही त्यांची आहे. पुढे ते नेपाळमध्ये राजदूत झाले. चीनचं युद्ध झालं तेव्हा ते काठमांडूतच होते. १९६४ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या परिसरात पदभ्रमण करत असताना तिथेच त्यांचं निधन झालं.

राजनैतिक अधिकाऱ्याच्या बायकोनं काय करावं याचे संकेत ठरलेले होते. चहापान, मेजवान्या, फुलांची मांडणी. लीलाबाईंनी ते केलं असेलच, पण त्याबरोबर त्या लिहीत होत्या. लहानपणी शिकलेलं नृत्य त्यांनी सोडलं नव्हतं. नाट्यशास्त्राच्या आधारानं लिहिलेलं ‘नृत्तमंजरी’ हे त्यांचं पुस्तक १९४८ चं. त्यानंतर ‘नाट्यचंद्रिका’. पाय कुठे टाकायचा, वजन कुठल्या टाचेवर घ्यायचं, कंबरेतून कसं वळायचं हे शास्त्र लिहिणारी बाई आयुष्यातली बारा वर्षं बेसलाइनवर हेच करत होती, हे विसरता येत नाही.

आणि मग नाटकं. क्षमाबाईंनी सत्याग्रहाची कथा पुढे ‘उत्तरसत्याग्रहगीता’त नेली होती. वडिलांचं पद्यचरित्र ‘शंकरजीवनाख्यान’ लिहिलं होतं. त्रिवेंद्रमच्या प्राच्यविद्या परिषदेला जाऊन आल्यावर त्या प्रवासाची थट्टा करणारं ‘विचित्रपरिषद्यात्रा’ही लिहिलं होतं. संस्कृतात विनोदी प्रवासवर्णन, हे वाचून आजही हसू येतं. २२ एप्रिल १९५४ रोजी त्या गेल्या. त्यांचं ‘स्वराज्यविजय’ हे काव्य प्रसिद्ध झालं ते आठ वर्षांनी, १९६२ मध्ये. लेकीनं आईच्या कथा घेतल्या आणि त्यांची छोटी छोटी संस्कृत नाटकं केली: ‘बालविधवा’, ‘होलिकोत्सव’, ‘गणेशचतुर्थी’. शीर्षकांवरूनच कळतं की यात राजे-राण्या नाहीत. घराघरातल्या बायका, सण, सोवळं-ओवळं, कज्जे आहेत. आईनं श्लोकात सांगितलेलं दुःख मुलीनं पात्रांच्या तोंडी दिलं.

त्या नाटकांत एक ‘तुकारामचरित’ आहे. क्षमाबाईंनी १९५० मध्ये याच नावाचं काव्य लिहिलं होतं. त्याच्या आधी, १८६९ मध्ये, विष्णुशास्त्री पंडितांबरोबर शंकर पांडुरंगांनी तुकोबांची गाथा संपादून छापायला घेतली होती. मुंबई सरकारनं त्या कामाला चोवीस हजार रुपये दिले होते, आणि देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या गोळा करून अभंग लावले गेले होते. वारकऱ्यांच्या पडशीतली गाथा अशी पहिल्यांदा शहाण्यासुरत्या छापील रूपात आली. आजोबांनी त्यातला शब्द न् शब्द तपासला, आईनं त्या वाण्याचं चरित्र गीर्वाणवाणीत बसवलं, आणि सात वेळा देशाचं टेनिस अजिंक्यपद मिळवलेल्या नातीनं त्याला रंगमंचावर उभं केलं.